तीन नंबरचा डबा

लग्नात मामांनी पाच डब्यांचा संच दिला,
एकात एक बसणारा,
इथल्याच बर्तन बाजारातून घेतलेला.
प्रत्येक झाकणावर सुईने ठोकून:
चि. सौ. कां. मृणालिनी हिस सप्रेम भेट,
मामा, देवास, १९९६.

तीन नंबरचा ऋजुताबरोबर सूमीला गेला,
डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरीच्या बॅगेत,
बेसनाचे लाडू भरून.
होस्टेल झाडणाऱ्या हालीनाबाईंना
तिनं तो भरलाच देऊन टाकला.
मी फोनवर चिडले.
लाडूंचं काही नाही गं,
संच मोडतो.

हालीनाबाईंचं गाव सूमीपासून बसने दीड तास.
साठेक घरं, एक शाळा, बदकांचं तळं.
नाव माझ्या जिभेवर बसत नाही,
मी 'बाईंचं गाव' म्हणते,
जसं 'आत्याचं गाव' म्हणतो आपण.

मार्चात ऋजुता परतली,
एक बॅग, सुजलेले पाय.
बाईंना पाठवलेल्या प्रत्येक निरोपापुढे
एकच टिक.
रोज रात्री मी विचारायची,
"काय करून राहिल्या असतील गं त्या?"
माझं इंदुरी मराठी
ती आता दुरुस्त करत नव्हती.

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघाली.
टँकरमधून तिसऱ्या मजल्याएवढं पाणी उडालं म्हणे.
शेजारचा पिंट्या निथळत दारात आला,
तर ही त्याला विचारते,
एका टँकरात किती लिटर बसतं रे?
तो हसला.
होस्टेलात बर्फ वितळवून पाणी प्यायलेली पोर,
ती नाही हसली.

सात एप्रिलला दुसरी टिक.
मग तेवीस मिनिटांचा आवाज आणि एक फोटो.
ऋजुता थांबवत थांबवत सांगत गेली.
मी गवार मोडत होते, मोडतच राहिले.

शिपाई शाळेत उतरले
आणि गाव त्यांनी शाळेच्या तळघरात घातलं.
शंभरावर माणसं. आडवं व्हायला जागा नाही,
झोप बसूनच.
कोळशानं भिंतीवर तारखा.
तारखांच्या डावीकडे, जो गेला त्याचं नाव.
वर न्यायची परवानगी मिळेपर्यंत
तो माणूस तिथंच,
आपल्या जागेवर, बसलेला.

पाणी माणशी अर्धा डबा.
कुठला डबा, मी विचारलं.
ऋजुतानं फोटो मोठा करून
कोपरा दाखवला.

एका पोरगेल्या शिपायानं
झाकणावर बॅटरी मारली होती:
ही कुठली लिपी? कुणाला काय कळवता?
दोन तास बाईंना बर्फात उभं केलं.
बाई म्हणत राहिल्या, लाडू. गोड. पिवळे.
आपल्या भाषेत म्हणाल्या, मग त्याच्या भाषेत.
दोन्हींत त्याला ते खोटंच वाटलं.

आवाजाच्या शेवटी बाईंनी विचारलंय,
पण खरंच, काय लिहिलंय हो त्यावर?

सगळं सांग, मी म्हटलं.
चि. म्हणजे चिरंजीव. खूप जगणारी.
सौ. कां. म्हणजे
आणि तिथं आम्ही दोघी अडलो.
डावीकडच्या यादीतलं सातवं नाव
तिनं मघाशीच वाचून दाखवलं होतं:
वासिल, बाईंचे यजमान.

मग ती एवढंच बोलली फोनमध्ये:
भेट आहे. प्रेमानं दिलेली.
मामा म्हणजे आईचा भाऊ.
देवास इथून तासाभरावर.

बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.
डबा घासून ठेवलाय, पाठवते.
तूच म्हणाली होतीस,
तुमच्यात रिकामा परत करत नाहीत.
सध्या भरायला काही नाही.

राहू दे म्हणावं, मी सांगितलं.
आणि उगाचच ओरडून सांगितलं,
जणू फोन तळघरात होता.

उरलेले चार फळीवर आहेत.
चार नंबरात दोन नंबरचा सैल बसतो,
काढताना आतल्या आत वाजतो.
आधी मी मधे फडकं कोंबायची.
आता नाही कोंबत.